उजवीकडची खुर्ची

"कुडाळच्या का तुमी?"

उजवीकडच्या खुर्चीवरून प्रश्न आला तेव्हा मी नुकताच फोन खाली ठेवला होता. शेजारच्या सुलूमावशीला मांजराबद्दल सांगत होते. "दूध घाल गे त्येका, इसरा नको," एवढंच काय ते माझं मालवणी त्या टेबलावर ऐकू गेलं असेल. बाकीचे सगळे हिंदी नाहीतर इंग्रजी बोलत होते, किंवा कानांवर हेडफोन चढवून गप्प बसले होते.

"कसं ओळखलंत?"

"आमच्या दुकानात येतात की तिकडची माणसं. लग्नाच्या साड्या घ्यायला. मी बेळगावचा. शहापूर. परशराम हलगेकर." त्यांनी हात जोडले. सत्तरीला टेकलेला माणूस, पांढरा बुशशर्ट, खिशाला पेन, चष्म्याला मागे काळी दोरी. "पहिल्यांदाच आलाय?"

"इतकं दिसतंय का?"

"पानं दोन्ही हातांनी धरताय. तान्हं बाळ धरल्यागत."

मी हसले. त्या हॉलमध्ये शिरल्यापासून पहिल्यांदाच.

मांडवी नदीत नांगरून ठेवलेलं ते कॅसिनोचं जहाज होतं. वरच्या मजल्यावर एक लांबलचक हॉल, एकही खिडकी नाही, हिरव्या कापडाची टेबलं ओळीनं मांडलेली, आणि शेकडो माणसांच्या बोटांत चिप्सची सारखी टकटक. सुपारी कातरत असल्यासारखी. पोकरची ती त्या वर्षातली सगळ्यांत मोठी स्पर्धा होती. मी तिथे पोचले होते ते फोनवर एक छोटी स्पर्धा जिंकून. कुडाळच्या कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवायचे. आई अंथरुणाला खिळली त्या काळात तिच्या उशाशी बसून जागं राहायला काहीतरी हवं म्हणून फोनवर पोकर खेळायला लागले. आई विचारायची, "काय करतंस?" मी म्हणायचे, "पेपर तपासतंय." आई गेली, त्यानंतर दोन महिन्यांनी ही जागा जिंकले. कॉलेजात सांगितलं, मावसबहिणीचं लग्न आहे.

खेळ तसा सोपा. प्रत्येकाला दोन झाकली पानं, मधे पाच उघडी. ज्याची पानं भारी तो डाव जिंकतो. पण हलक्या पानांवर भारी असल्याचा आव आणून सगळ्यांना पळवून लावलं, तरीही तोच जिंकतो. सुरुवातीला सगळ्यांना सारख्या चिप्स मिळतात. संपल्या की माणूस उठतो आणि घरी जातो. पहिल्या साठांना बक्षीस. एकसष्टाव्याला काही नाही.

तासाभरानं मला दोन राजे आले. मी चिप्स वाढवल्या. सगळ्यांनी पानं टाकली, हलगेकरकाकांनी तेवढी टाकली नाहीत. मधली पानं उघडली आणि त्यांनी शांतपणे आपला सगळा ढीग पुढे सरकवला.

मी बराच वेळ विचार केला. त्यांनी चष्मा काढून बुशशर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला. शेवटी मी राजे टाकून दिले.

त्यांनी आपली पानं उलटून दाखवली. दुर्री आणि सत्ती. काहीही नव्हतं.

"काका!"

"राग मानू नका. शिकवायला कुणी भेटत नाही इथं. मला पण असंच शिकवलंय एकानं. आमच्या कॅम्पात एक रिटायर्ड कर्नल होते, त्यांच्याकडे साड्या दाखवायला गेलो होतो त्यांच्या मिसेसला. एक माणूस कमी पडत होता, मला बसवलं."

जेवणाच्या सुट्टीत आम्ही डेकवर उभे होतो. खाली नदीतून फेरीबोट चालली होती, तिच्यात स्कूटर आणि माणसं खचाखच. काकांच्या ताटलीत फक्त दहीभात. साखर आहे म्हणाले.

"घरी माहीत आहे?" मी विचारलं.

"मंगेशीला आलोय मी. दर वर्षी येतोय." ते हसले. "जातोय की खरंच. येताना दर्शन घेऊनच येतोय. खोटं नको पडायला."

"किती वर्षं येताय?"

"सहावं हे. अजून एकदाही साठात नाही. दोनदा अगदी जवळ गेलोय बगा. एकदा तर आणखी तिघंच बाहेर जायचे होते." भाताचा घास त्यांनी ताटलीतच फिरवत ठेवला. "तिकडं पडद्यावर नावं लागतात. बक्षीस लागलं की नाव, गाव. परशराम हलगेकर, बेळगाव. एवढं एकदा लागू दे. मग बंद."

"नाव लागण्यासाठी?"

"दुकानात मला वडलांनी बसवलं. बारावीत होतो. आता मुलगा म्हणतोय, बाबा, तुमी उठा, तुमाला कॉम्प्युटरचं जमत नाही. उठलो. लग्न त्यांनीच ठरवलं, घर त्यांनीच बांधलं. हे एवढंच मी माझं माझं शिकलोय." मग एकदम विचारलं, "आणि तुमी कशाला आलात?"

घरात आता कुणी हाक मारत नाही, असं काहीतरी मनात आलं. पण म्हटलं, "सुट्टी होती."

पहिला दिवस आम्ही दोघंही टिकलो. दुसऱ्या दिवशी बसायच्या जागा नव्यानं काढतात. चिठ्ठी घेऊन मी माझ्या टेबलाशी गेले तर उजवीकडे काका आधीच बसलेले.

"मंगेशाची कृपा," ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून मला तू म्हणायला लागले.

दुपारपर्यंत माणसं गळत गेली. टेबलं मोडली जात होती, खुर्च्या रचून भिंतीशी लावत होते. पानं काही आमच्या दोघांच्याही बाजूनं नव्हती. माझा ढीग वितळत चालला होता, काकांचाही. समोर बंगळूरचा एक हेडफोनवाला तरुण बसला होता. त्याच्यापुढे चिप्सची भिंत उभी होती आणि तो आमच्या ढिगांकडे बघायचा ते भूक लागलेला माणूस दुसऱ्याच्या ताटात बघतो तसा. आमच्या टेबलावर सगळ्यांत कमी चिप्स माझ्या होत्या. काकांच्या माझ्याहून तीन जास्त.

भिंतीवरच्या पडद्यावर एकसष्टचा आकडा आला.

फ्लोअर मॅनेजर सावियोनं माइकवरून सांगितलं की आता प्रत्येक टेबल एकेकच डाव खेळेल आणि सगळ्यांचा संपेपर्यंत थांबेल. म्हणजे कुणीही वेळ काढत बसू शकणार नाही. एक माणूस गेला की उरलेले साठ बक्षिसात. हॉलमधली टकटक कमी झाली. माणसं उभी राहून दुसऱ्या टेबलांकडे माना उंचावून बघायला लागली, कोण पडतोय ते. मीही बघत होते. कुणीतरी पडावा असं इतक्या मनापासून मी त्याआधी कधी इच्छिलं नव्हतं.

मग काकांच्या हातातून एक पान निसटलं.

मी वळून बघितलं. एसी इतका होता की मी शाल घेतली होती, आणि काकांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. डावा हात टेबलाखाली मांडीवर गच्च दाबून धरलेला. ओठांचा रंग राखेसारखा.

"काका, काय होतंय?"

"काय नाही. पित्त. सकाळी भजी खाल्ली हॉटेलात."

"चेहरा बघा तुमचा."

"माझा चेहरा बघू नको. तुझी पानं बघ."

मी पानं टाकली. त्यांनीही टाकली. डाव संपला, कुठल्याच टेबलावर कुणी गेलं नाही. ते डोळे मिटून बसले होते. श्वास तोंडानं चालला होता.

"मी कुणाला तरी बोलावते."

"नको."

"छातीत दुखतंय ना?"

"हळू बोल." त्यांनी डोळे उघडले. "एकच माणूस जायचाय. एक. नाव लागलं की मी आपणहून उठतो. मंगेशाची शपथ."

"काका, असं चालत नाही हे—"

"उल्का." माझं नाव त्यांनी तोवर घेतलं नव्हतं. "पाया पडतो तुझ्या."

आई गेली त्या रात्री ती अशीच उशाला टेकून बसली होती. ओठ असेच. मी म्हटलं, डॉक्टरांना फोन लावते. ती म्हणाली, "आता खंय त्यांका त्रास देतंस? उजाडल्यार बघूया." मी ऐकलं. आईचं सगळं ऐकायची सवय होती. उजाडलं तेव्हा बघायला काही उरलं नव्हतं.

ते सगळं मला आठवलं. मी पडद्याकडे बघितलं, माझ्या चिप्सकडे बघितलं, त्यांच्या चिप्सकडे बघितलं. डीलर पत्ते पिसत होती.

मी हात वर केला आणि ओरडले, "फ्लोअर! डॉक्टर बोलवा. यांना अटॅक येतोय."

सावियो धावत आला. त्याच्यामागून निळ्या टी-शर्टातली दोन माणसं चाकाची खुर्ची घेऊन आली. काकांनी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली.

"मैं ठीक हूँ," ते म्हणाले. "कुछ नहीं हुआ. खेलो आप. पत्ते बाँटो."

"सर, प्लीज."

"मेरे चिप्स..."

"चिप्स टेबल पे ही रहेंगे सर, कोई हाथ नहीं लगाएगा."

त्यांची बोटं एकेक करून सोडवावी लागली. बुशशर्ट पाठीला चिकटला होता. खुर्ची वळवली तेव्हा त्यांचं तोंड माझ्याकडे झालं. मी म्हटलं, "काका, मी आहे." ते माझ्याकडे बघत होते, पण ओळखीच्या माणसाकडे बघतात तसं नाही. "का गं केलंस?" एवढंच म्हणाले.

लिफ्टचं दार मिटलं. हेडफोनवाल्यानं एक कान मोकळा केला होता. तो माझ्याकडे बघून मान डोलवत हसला.

"आंटी, क्या खेला आपने!"

मला पहिल्यांदा कळलंच नाही तो काय म्हणतोय. मग कळलं, आणि कानशिलं तापली. मी उठून उभी राहिले. सावियोला विचारलं, मला त्यांच्याबरोबर जाता येईल का.

"येता की. बोटीत जागा असा," तो म्हणाला. "पण मॅडम, तुमी गेलात तर त्यांच्यासारख्या तुमच्या चिप्सही दर डावाला आम्हीच टाकत जाणार. नियम आहे."

"आणि किती वेळ आहे?"

"बोट आता सुटेल."

मी उभी होते. डीलर माझ्याकडे बघत होती, सगळं टेबल बघत होतं. खाली इंजिन सुरू झाल्याची थरथर पायांना लागली.

मी बसले.

या खेळात दर डावाला दोघांना सक्तीच्या चिप्स टाकाव्या लागतात, पानं बघण्याआधीच. एकाला पूर्ण, दुसऱ्याला निम्म्या. पाळी डावीकडे सरकत जाते. ज्याच्यावर या डावाला पूर्ण, त्याच्यावर पुढच्या डावाला निम्म्या. पाळी आधी काकांच्या खुर्चीवर येणार होती आणि मग माझ्यावर.

डीलरनं रिकाम्या खुर्चीपुढे दोन पानं वाटली. हलगेकरांच्या ढिगातून चिप्स मोजून मधे सरकवल्या. दोन उरल्या. मग ती दोन पानं तिनं न बघता ओढून घेतली. नसलेल्या माणसाची पानं बाद असतात. मी माझी टाकली. डाव दुसऱ्या कुणीतरी जिंकला. सगळी टेबलं थांबली. कुणी गेलं नाही. पडद्यावर एकसष्टच.

पुढचा डाव. निम्म्या चिप्स काकांच्या, म्हणजे त्या उरलेल्या दोन. पूर्ण माझ्या, म्हणजे माझ्याकडे होत्या नव्हत्या त्या सगळ्या. तरीही त्या पुऱ्या पडल्या नाहीत. आता मला टाकायचं काही उरलंच नव्हतं. पानं उचलली: एक्का आणि चौकी. हेडफोनवाल्यानं माझ्या चिप्सना चिप्स लावल्या आणि पानं उलटली. दोन दश्श्या. मधे पाच पानं पडली, त्यात एक्का नव्हता.

माझं संपलं. त्याच डावात काकांचंही.

सावियो येऊन उभा राहिला. डीलरशी काहीतरी बोलला. एकाच डावात दोघे गेले तर डावाच्या सुरुवातीला ज्याच्याकडे जास्त चिप्स असतात तो वरचा. माझ्याकडे नऊ होत्या. त्यांच्याकडे दोन.

माइकवरून सगळ्या हॉलला सांगण्यात आलं की आता राहिलेले सगळे बक्षिसात आहेत. त्या क्षणी टाळ्या वाजवायची रीत आहे. हॉलभर टाळ्या झाल्या, माणसांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. पडद्यावर यादी आली. सगळ्यांत खाली, साठावं: उल्का वालावलकर, कुडाळ.

किनाऱ्यावर यायला मला बोट मिळाली तेव्हा संध्याकाळ झाली होती. त्यांना कुठे नेलं ते सावियोनं चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. मी त्या संध्याकाळी गेले नाही. हॉटेलच्या खोलीत बसून राहिले, कपडेही बदलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.

दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर एक बाई बसल्या होत्या, मांडीवर स्टीलचा डबा. शेजारी तिशीतला एक मुलगा फोनवर दुकानातल्या कुणाला तरी मालाबद्दल सांगत होता. मी नाव विचारलं तशा बाई उठल्या.

"तुमीच का त्या?" आणि वाकायला लागल्या. मी त्यांचे हात धरले.

"नका हो असं करू."

"डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास गेला असता तर नव्हते. तुमी होतात म्हणून, नाहीतर..." त्यांनी पदर तोंडाला लावला. त्या शालनकाकू. "मंगेशीला जातोय म्हणून गेले होते बगा. महेश म्हणतोय, जहाजावर होते. जुगार खेळत होते म्हणे. खरं का हो?"

मुलानं फोन बाजूला घेऊन माझ्याकडे बघितलं.

"खरं," मी म्हटलं. "मीही खेळत होते."

त्यांनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "असू दे. जीव वाचला. आत जा, जागे आहेत. मी चहा बगते."

काका भिंतीकडच्या कॉटवर होते. चष्मा नव्हता, त्यामुळे चेहरा कुणातरी दुसऱ्याच माणसाचा वाटत होता. मी स्टुलावर बसले. त्यांनी मला बघितलं.

"कसं वाटतंय?"

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"एकसष्टावं कोण?"

खोटं सांगावं असं आलं मनात. पण तो माणूस पत्त्यांच्या टेबलावर सहा वर्षं बसलेला होता.

"तुम्ही."

"आणि साठावं?"

मी खाली बघितलं.

"बोल की."

"मी."

त्यांनी डोळे मिटले. नळीतून थेंब पडत होते. बाहेर महेशचा आवाज येत होता, तो कुणाला तरी सांगत होता की बाबांचा फोन आता आपल्याकडेच ठेवायचा, आणि यापुढे त्यांना एकट्याला कुठे पाठवायचं नाही.

"माझ्याहून कमी होत्या तुझ्याकडे," काका म्हणाले.

"हो."

"तीन कमी होत्या."

"काका, माझी आई अशीच गेली. असाच चेहरा होता तिचा. सकाळी बघू म्हणाली आणि मी थांबले. मला पुन्हा थांबायचं नव्हतं. तेवढंच होतं मनात."

त्यांनी ऐकून घेतलं. चांगलं ऐकून घेतलं, त्यांची नजर मऊ झाल्यासारखी वाटली. मग त्यांनी विचारलं, "आई आधी आठवली, का चिप्स आधी बघितल्यास?"

मी तोंड उघडलं. "आई" म्हणायला किती वेळ लागतो? पण मला खरोखर आठवेना. आई आठवली होती. चिप्स बघितल्या होत्या. दोन्ही एका श्वासात झालं होतं, आणि तो श्वास कुठून सुरू झाला ते मला सांगता येईना. मी संख्याशास्त्र शिकवते. आधी काय आणि मागून काय, यावर मी मुलांचे मार्क कापते.

"बरं," ते म्हणाले. "सांगू नको."

"काका..."

"मी तुझ्या जागी असतो तर मी पण हात वर केला असता. लगेच. पत्त्यात बसतंय ते." ओठ कोरडे पडले होते, त्यांनी जीभ फिरवली. "पण मग भेटायला आलो नसतो."

शालनकाकू चहा घेऊन आल्या. माझ्या हातात कप दिला, डब्यातला उपमा झाकणात काढून दिला. "खा. उपाशी दिसताय." मी खाल्लं. काका भिंतीकडे वळून पडले होते. काकू त्यांना म्हणाल्या, "अहो, निघाल्यात त्या. बोला तरी." ते झोपले होते असं आम्ही दोघींनी मानलं.

बक्षिसाचं मी काय केलं ते कुणी विचारलं नाही, कारण कुणाला माहीतच नव्हतं. फोनवरचा खेळ मी त्या आठवड्यात काढून टाकला. मग पुन्हा घातला. मग काढला.

शालनकाकूंचा फोन दर दसऱ्याला यायचा. सोनं घ्या, म्हणायच्या. "तुमच्यामुळं आमचा दसरा." मी विचारायचे, काका कसे आहेत? बरे आहेत, गॅलरीत बसतात, पेपर वाचतात. "देऊ का त्यांना?" मग फोन बाजूला जायचा, लांबून काही बोलणं ऐकू यायचं, आणि काकू परत येऊन सांगायच्या की ते आंघोळीला गेलेत. एकदा म्हणाल्या, डोळा लागलाय. एकदा, बाहेर गेलेत. आणि मला माहीत होतं की ते बाहेर जात नाहीत.

नवव्या वर्षी दसऱ्याच्या बऱ्याच आधी फोन आला. काका गेले होते. झोपेत.

मी बाराव्याला बेळगावला गेले. जायला हवं होतं असं नाही. बोलावलंही नव्हतं. आंबोलीच्या घाटात बस तापली म्हणून तासभर थांबली, आणि वाटलं की उतरून परत जावं.

शहापुरातलं त्यांचं घर दुकानाच्या वर होतं. महेशनं मला ओळखलं, नमस्कार केला आणि पाहुण्यांकडे वळला. काकांचा फोटो मांडला होता, त्यात ते दुकानात गादीवर बसलेले. पाहुणे जेवून उठल्यावर काकू मला गॅलरीत घेऊन गेल्या. तिथे एक वेताची खुर्ची होती. तिच्यात दोघीही बसलो नाही.

"इथं बसायचे दिवसभर," काकू म्हणाल्या. "महेशनं पैशाचं सगळं आपल्याकडं घेतलं. फोन साधा दिला. पत्ते तर घरात दिसू द्यायचा नाही, पोरांचे पण नाहीत. मंगेशीला जाऊ या म्हटलं तर हे नको म्हणायचे. मी म्हणायची, सगळे मिळून जाऊ. नको."

काकूंनी गॅलरीचं दार ओढून घेतलं.

"तुमच्यात काय झालं होतं ते मला माहीत आहे."

मी चमकून बघितलं.

"आल्या आल्याच सांगितलं होतं त्यांनी. पहिल्याच महिन्यात. त्या बाईनं मला उठवलं, म्हणाले. एक डाव थांबली असती तर काय बिघडलं असतं? मरायचंच होतं तर तिथं मेलो असतो, नाव लागलेलं बघून. किती वेळा म्हणाले असतील. भांडायचे माझ्याशी. मी तुमाला दसऱ्याला फोन करायची ना, त्या दिवशी जेवायचे नाहीत."

"मग तुम्ही फोन का करत होतात?"

काकूंनी खाली रस्त्याकडे बघितलं. दुकानात साड्यांचा गठ्ठा उतरत होता.

"तुमाला वाटत असेल, तुमी त्यांच्यासाठी केलंत का तुमच्यासाठी. ते पण हेच उगाळत बसले नऊ वर्षं." त्यांचा आवाज अजिबात चढला नाही. "मला कुणी विचारलं? मला हवे होते ते. रागावलेले, गप्प बसलेले, कसेही. त्यांना नको होती ती वर्षं. मी घेतली."

मग त्या आत गेल्या आणि माझ्यासाठी लाडू बांधून घेऊन आल्या. बसस्टँडपर्यंत सोडायला स्वतः निघाल्या, महेश नको नको म्हणत असताना. बस लागेपर्यंत त्या माझा हात धरून उभ्या होत्या, घट्ट, बोटांत बोटं घालून. कंडक्टरनं दोनदा हाक मारली, तेव्हा त्यांनीच सोडला.